रविवारी दहा ते एक, घर पाहण्यासाठी खुले

किल्ल्यासमोरची रांग पाहून पंडितने जाहीर केलं, "जिथे गर्दी असते तिथे खरा इतिहास नसतो."

खरी गोष्ट अशी, की नवे बूट त्याला सकाळपासून चावत होते. पण परदेशात इतिहास शिकायला आलेल्या माणसाने बुटापायी किल्ला सोडला, असं कुणी म्हणायला नको. म्हणून त्याने इतिहासालाच मध्ये घातलं. पंडित हे अर्थात त्याचं नाव नव्हे. बसची वाट बघताना तो बसच्या जन्माची कथा सांगायचा, म्हणून सोबत राहणाऱ्या दोघांनी ते ठेवलं होतं. दोघं म्हणजे लंबू आणि डॉक्टरीण. लंबू इंजिनियरिंगला होता आणि त्यांच्या भाड्याच्या घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीशी त्याच्या कपाळाची ओळख झाली होती. डॉक्टरीण अजून डॉक्टर व्हायची होती. (औषधं मात्र ती आतापासूनच द्यायची आणि हे दोघे भीतीने घ्यायचे.)

"मग खरा इतिहास कुठे असतो?" लंबूने विचारलं.

"साध्या माणसांच्या घरांत."

हे वाक्य पंडितचं नव्हतं, परीक्षेच्या पुस्तकातलं होतं. बुधवारी त्याची तोंडी परीक्षा होती. विषय जुनी घरं, वेळ वीस मिनिटं, भाषा तिथली. एकदा त्याची दांडी उडाली होती. पुन्हा उडाली असती तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी परतावं लागलं असतं आणि सगळ्या गल्लीला पेढे वाटून मुलाला विमानात बसवणाऱ्या वडिलांसमोर उभं राहावं लागलं असतं. अडचण घरांची नव्हती, भाषेची होती. आठ महिन्यांत त्या भाषेतलं एकच वाक्य तो न अडखळता बोलायला शिकला होता : 'माफ करा, मला उशीर झाला.'

तर तिघं किल्ल्याकडे पाठ फिरवून मागच्या गल्लीत शिरले. तिसऱ्याच वळणावर एक दुमजली, दगडी, वेलींनी झाकलेलं घर लागलं. फाटकावर पाटी होती. पंडितने एकेक शब्दावर बोट ठेवून वाचली : 'घर पाहण्यासाठी खुले. रविवार, दहा ते एक.'

"बघा!" तो म्हणाला. "म्युझियम! आणि रांग आहे का? नाही. लोकांना कळतच नाही."

आत दिवाणखान्यात एक आजीबाई खुर्चीत बसून लोकर विणत होत्या. अशा जागी देखरेखीला एक वयस्कर बाई बसवतात, हे पंडितला ठाऊक होतं. त्याने जुळवाजुळव करून विचारलं, "आम्ही आत यावं?"

"त्यासाठीच दार उघडं ठेवलंय."

"तिकीट?"

आजीबाईंनी विणकाम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "कल्पना वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण नको. असंच बघा."

"वस्तूंना हात चालेल?"

"लावा की. कपाटंसुद्धा उघडा. सगळेच उघडतात."

"हे घर किती वर्षांचं?"

"मी आले तेव्हा होतं बाबा."

"पाहिलंत?" पंडित मराठीत कुजबुजला. "कर्मचाऱ्यांना साधं वर्षसुद्धा शिकवत नाहीत."

स्वयंपाकघरात एका पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. डॉक्टरीण दचकली. "अरे, हे गरम आहे!"

"वातावरणनिर्मिती," पंडित म्हणाला. "हल्ली चांगल्या म्युझियममध्ये वाससुद्धा ठेवतात."

लंबूने पळी बुडवून चव घेतली. "मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि (त्याच्यात प्रामाणिकपणा फार) चिमूटभर घालून टाकलं.

वरच्या मजल्यावर निजायची खोली होती. पलंग, एक भलंमोठं लाकडी कपाट आणि उशाशी पेल्यातल्या पाण्यात कवळी. एवढं सगळं आयतं समोर आल्यावर पंडितला राहवेना. "बुधवारची तालीम करून घेतो," तो म्हणाला. दोघांना पलंगासमोर उभं करून, खिडकीकडे तोंड करून त्याने तिथल्या भाषेत अडखळत, पण खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"हे कपाट तीनशे वर्षांपूर्वीचं. या खोलीत साथीचे रोगी ठेवत. एकाच कुटुंबातले सात जण इथे गेले. ह्याच पलंगावर."

"कशावरून?" डॉक्टरीणने मराठीत विचारलं.

"खिडकी बघ ना केवढीशी आहे! मध्ये बोलू नकोस, लिंक तुटते."

तो वळला तर दारात आणखी तिघं उभे होते. उंची कोट घातलेलं एक जोडपं आणि काखेत फाइल धरलेला एक गुळगुळीत गृहस्थ. नवराबायको अगदी कान देऊन ऐकत होते. पंडितच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचं आपणहून ऐकत होतं.

"सात?" बाईंनी विचारलं.

"निदान सात," पंडित म्हणाला. "या, पुढे या. ही भिंतीतली भेग पाहा. दरवर्षी बोटभर वाढते. कारण खाली पायाच नाही, नुसती माती!"

"आपण कोण?" फाइलवाल्याचा आवाज चिरकला.

"मी याच विषयाचा आहे. विद्यापीठात."

"तज्ज्ञ आहेत," नवरा बायकोच्या कानात म्हणाला.

इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण श्रोते मिळाले की पंडितला थांबता येत नसे. तो सगळ्यांना शेजारच्या न्हाणीघरात घेऊन गेला. तिथे उंचावर लोखंडी टाकी होती आणि तिला साखळी. "ही टाकी," तो म्हणाला, "गेल्या शंभर वर्षांत कुणी वापरलेली नाही," आणि दाखवायला म्हणून त्याने साखळी जोरात ओढली.

टाकी रोज वापरात होती. साखळी दांड्यासकट पंडितच्या हातात आली आणि पाठोपाठ पाणी आलं. आधी त्याच्या डोक्यावर, मग बाईंच्या कोटावर, मग उंबरा ओलांडून जिन्यावरून पायरी पायरीने खाली.

"मेन कॉक!" असं ओरडत लंबू खाली धावला. जाताना कपाळ चौकटीवर आपटलं ते आपटलंच. इंजिनियर होऊ घातलेल्या त्या माणसाने दिसला तो कॉक पिळला आणि पातेल्याखालचा गॅस बंद केला. डॉक्टरीणने सापडेल तो टॉवेल फुटलेल्या जागी दाबून धरला आणि वरून हाक दिली, "आजी, पाणी कुठून बंद होतं?"

"जिन्याखाली, डाव्या हाताला," आजीबाई म्हणाल्या. त्यांचा एक टाकाही चुकला नाही.

पाणी थांबलं तेव्हा जोडपं फाटकाबाहेर पोचलं होतं. फाइलवाला भिजल्या बुटांनी पचक पचक करत पंडितसमोर आला.

"घर विकायला काढलंय हे! तुम्ही पाटी नाही वाचलीत?"

"वाचली," पंडित म्हणाला.

आणि मग ती त्याला पुन्हा एकदा, सावकाश, मनातल्या मनात वाचता आली. त्यातला प्रत्येक शब्द त्याला येत होता, हेच जास्त वाईट होतं. फाइलवाला, म्हणजे घरांचा दलाल, तणतणत निघून गेला. पंडित डोक्यावरून पाणी निथळत, हातात साखळी घेऊन आजीबाईंसमोर जाऊन उभा राहिला. पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "माफ करा, मला उशीर झाला."

पुढचे दोन तास तिघांनी फरशी पुसली. लंबूने साखळी बसवली, आणि ती चक्क बसली. शेवटी आजीबाईंनी त्यांना टेबलाशी बसवून पातेल्यातलं वाढलं.

"मीठ आज बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या. लंबूने मान वर केली नाही.

"आजी, आमच्यामुळे तुमचं गिऱ्हाईक गेलं," डॉक्टरीण म्हणाली.

"मुलाचं गेलं. त्याला विकायचंय, मला नाही. रोज फोन करून डोकं खायचा, म्हणून एकदाचं हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी माणसं येतात आणि मी त्यांना घालवते. पहिल्यांना उंदीर सांगितले. दुसऱ्यांना शेजारी पहाटे ट्रम्पेट वाजवतो म्हटलं. पण एकाच पलंगावर सात जण..." त्यांनी कौतुकाने मान हलवली. "मला नसतं सुचलं हो."

पंडितला यात आपली विद्वत्ता कुठेतरी निसटते आहे असं वाटलं. "पण ते कपाट तर जुनं आहेच ना?"

"गेल्या साली खोक्यातून आलं. मीच स्क्रू पिळून उभं केलं. दोन स्क्रू उरले, ते अजून खणात आहेत."

"आणि कवळी?"

"माझीच. ही रविवारची," म्हणून त्या दात दाखवून हसल्या.

निघताना त्यांनी पंडितचा हात धरला. "पुढच्या रविवारी आणखी एक कुटुंब यायचंय. दहाच्या ठोक्याला ये."

पंडितचा चेहरा उजळला. "माझं बोलणं तुम्हाला कळलं? सगळं?"

"शब्द न् शब्द. ती बाई तर रडायच्या बेतात होती."

"बुधवारी याच विषयाची परीक्षा आहे माझी," पंडित छाती फुगवून म्हणाला. "आज रात्रीपासून अभ्यासाला बसतो. मग रविवारी याहून चांगलं सांगेन."

"छे छे, भलतंच!" आजीबाई एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "तोपर्यंत पुस्तकाला हात लावू नकोस!"