मेक्सिकोच्या मृत्युदूताचं गाऱ्हाणं

“रया गेली,” गुणाजी भाटकर टीव्हीसमोर बसून म्हणाले. पडद्यावर एका आडदांड पैलवानाने दुसऱ्या आडदांड पैलवानाला डोक्यावर उचललं होतं आणि खाली टाकण्याआधी तो बराच वेळ माइकवर बोलत होता. “पूर्वी उचलला की टाकायचे. आता उचलतात नि भाषण करतात.”

कमलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बांगडे साफ करत बसल्या होत्या. “मग बघता कशाला?”

“न बघून कसं चालंल? उद्या सुधारली नि आपल्याला कळलंच नाय तर?”

गुणाजींचं आयुष्य रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात गेलं होतं. घरी आले की ही टीव्हीतली, मुखवट्यांची, विजेत्याच्या पट्ट्यांची कुस्ती. तिच्या सद्यःस्थितीवर त्यांची मतं पक्की होती. पट्टे फार झाले, त्यामुळे पट्ट्याला किंमत उरली नाही. पैलवानाची यायची मिरवणूक शिमग्याच्या पालखीएवढी आणि कुस्ती चहा गार व्हायच्या आत खलास. निवृत्त झालेले पुन्हा येतात; एसटीत असं चालत नाही. खलनायकसुद्धा पूर्वीसारखे मनापासून लबाडी करत नाहीत, उरकून टाकतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बघणाऱ्यांनी विश्वास ठेवायचा सोडला.

“खोटंच असतं ते,” कमलाबाई म्हणाल्या. लग्नापासून त्या हेच म्हणत होत्या.

“खोटं नव्हे. ठरलेलं. आपल्या वाडीच्या नमनाच्या खेळात महिपत रावण होऊन मरतो, तो खरा मरतो काय? दुसऱ्या दिवशी तोच तुला हे बांगडे विकतो.”

“भाव मात्र रावणाचाच लावतो.”

“पण मरताना बायका रडतात ना? तू रडलीस ना?”

कमलाबाईंनी बांगड्याचं डोकं जरा जोरात उडवलं. वाद तिथेच राहिला, कारण दारात मुकुल येऊन उभा राहिला होता.

मुकुल सावर्ड्याचा. मंडप, डेकोरेशन आणि साउंडचा धंदा करता करता त्याने व्यावसायिक कुस्तीचे खेळ लावायला सुरुवात केली होती. मांडव, खुर्च्या आणि भोंगे घरचेच, पैलवान तेवढे बाहेरचे. त्या दिवशी त्याचा रत्नागिरीतला पहिला खेळ होता. गुणाजींनी पुढची दोन तिकिटं केव्हाच काढून देवाजवळ ठेवली होती.

“काका, आवाज आहे काय अजून? पुकारणारा माणूस आंबा घाटात अडकलाय. गाडीच बसली. तुम्ही पुकाराल?”

गुणाजींच्या हातातला रिमोट खाली पडला. टीव्हीतल्या पैलवानालाही त्याच वेळी खाली टाकण्यात आलं.

सड्यावरच्या मैदानात, उघड्या कातळी पठारावर, मुकुलने रिंगण उभारलं होतं. मागच्या कनातीत गुणाजींना नेताना त्याने समजावलं, “आज वज्रकेसरी विरुद्ध मेक्सिकोचा मृत्युदूत. मृत्युदूत लबाडी करणार, लोखंडी खुर्ची डोक्यात घालणार नि पट्टा जिंकणार. पुढच्या महिन्यात चिपळूणला केसरी बदला घेणार. आज मृत्युदूत जिंकला नाय तर चिपळूणला बदला कसला घ्यायचा? पोस्टर छापून झालेत.”

खुर्चीने जिंकणं गुणाजींना पटत नव्हतं. पण कनातीचा पडदा बाजूला झाला आणि मत मांडायचं राहूनच गेलं. समोर साक्षात मृत्युदूत बसला होता. काळा मुखवटा, त्यावर पांढरी हाडं, दंड नारळीच्या बुंध्यासारखे. तो गुडघ्याला खोबरेल चोळत होता. गुणाजींनी नकळत हात जोडले.

मृत्युदूताने उठून त्यांच्या पायांना हात लावला. “काका, मी बाबू. इथल्याच नाटे गावचा.”

गुणाजींनी घाईघाईने कानांवर हात ठेवले. “सांगू नको, बाबा. मुखवट्याआड कोण ते मला कळता कामा नये.”

“सांगायलाच हवं, काका. आई आल्येय. मैना तिचं नाव, पुढच्याच रांगेत आहे. इतकी वर्षं खेळतोय, पण मी कुठंच जिंकलेला नाय. पडायचंच काम माझं. नागपुरात पडलो, सुरतेला पडलो. पट्टा हातात धरलेला नाय. आज पहिल्यांदा ठरलंय, म्हणून तिला बोलावली. जरा चांगला पुकारा मला.”

“असा पुकारतो,” गुणाजी म्हणाले, “की मेक्सिकोत ऐकू जाईल.”

आणि त्यांचा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मैदान भरलं होतं, पण लोकांत जान नव्हती. पुढच्या रांगेत कमलाबाई छत्री मांडीवर घेऊन, पाहुण्यांच्या घरी आल्यासारख्या बसल्या होत्या. शेजारी एक बारीकशी बाई पदराचं टोक चावत होती, ती मैना. बाकी सगळे मोबाईलमध्ये.

गुणाजींनी माइक हातात घेतला आणि सवय आडवी आली. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. मेक्सिकोहून हातखंबा मार्गे येणारा मृत्युदूत रिंगणात येऊन उभा राहत आहे.”

हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, “लांज्याला थांबतो काय ओ?” मृत्युदूताने डरकाळी फोडली, तर पोरं त्याची नक्कल करायला लागली. वज्रकेसरी आला, तेव्हा लोक अजून एसटीवरच हसत होते. हा कराडकडचा देखणा गडी, पण त्याच्याकडे कोणी बघेना.

गुणाजींना घाम फुटला. असल्या गर्दीसमोर जिंकण्यात काय अर्थ? माणसं विश्वास ठेवतील असं काहीतरी करायला हवं होतं. आणि मग त्यांना आठवलं की आपण मुळातली गोष्टच विसरलो. नारळ फोडायचा असो, होडी पाण्यात लोटायची असो की नमन उभं राहायचं असो, देवाला साऱ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातल्याशिवाय या मुलखात काही सुरू होतं काय?

त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, सड्यावरच्या, खाडीवरच्या, बंदरावरच्या राखणदारा म्हाराजा...”

मोबाईल खाली गेले. इतका वेळ हसणारं मैदान एका तोंडाने म्हणालं, “व्हय म्हाराजा.”

“आज तुझी लेकरं इथं जमली आहेत म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

कातळावरून तो आवाज असा उठला की गुणाजींच्या अंगावर काटा आला. गाऱ्हाण्याची एक गंमत असते. ते एकदा चालू लागलं की घालणारा त्याला चालवत नाही, तेच त्याला चालवतं. वाडीच्या गाऱ्हाण्यात पुढे जे येतं तेच गुणाजींच्या तोंडी आलं. “या जागेवर जो कोण परमुलखातून वाकडा डोळा घेऊन आला असंल...”

“व्हय म्हाराजा.”

“जो कोण काळ्या तोंडाने तुझ्या लेकरांच्या आडवा जाईल, त्याला तू हितंच उताणा पाड म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळं रत्नागिरी गरजलं. कमलाबाईही गरजल्या. फक्त मैना गप्प होती.

गुणाजींनी डोळे उघडले. रिंगणात मृत्युदूत हात जोडून उभा होता, आणि मुखवट्याच्या भोकांतून त्यांच्याकडे जे डोळे बघत होते ते मेक्सिकोचे मुळीच नव्हते.

कुस्ती मात्र सुरू झाली, आणि काय झाली. टीव्हीत दिसत नाही ते गुणाजी रिंगणाला खेटून बघत होते: केसरीने मृत्युदूताला उचललं की दोघांचे श्वास एका मापाने चालत, पाडताना तो मानेखाली हलकेच हात देई, आणि तरीही फळी अशी वाजे की पुढची रांग मागे सरके. एवढ्या मोठ्या देहांनी एकमेकांना इतकं जपून मारायचं. ही विद्या आहे, गुणाजींच्या मनात आलं, आणि त्यांनी माइक छातीशी धरला.

मग खुर्चीची वेळ आली. रेफ्री ठरल्याप्रमाणे पाठ करून बुटाची नाडी बांधू लागला. मृत्युदूताने लोखंडी खुर्ची उचलली, डोक्यावर नेली, आणि थांबला. खाली आणली. उघडली. आणि तिच्यावर बसला.

केसरी वाकून तयार होता. तो दातांतून पुटपुटला, “आरं हाण की. डोकं कवाधरनं तयार ठेवलंय.”

“गाऱ्हाणं झालंय,” मृत्युदूत कुजबुजला. “देवाच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? तू पाड मला.”

“येडा हायस का? माझं चिपळूण हाय पुढं.”

केसरी हुशार. तो आपणच पाय घसरून पडला आणि त्याने मृत्युदूताला ओढून छातीवर घेतलं. तीन मोजेपर्यंत पाठ सुटली नाही तर खालचा हरतो. रेफ्रीने फळीवर हात आपटला, “एक, दोन...” आणि मृत्युदूत तापल्या तव्यावरून उठावं तसा उठला. लोक चकित. मग मृत्युदूत स्वतः हातपाय पसरून उताणा पडला. केसरी त्याच्याजवळ जाईना. कोपऱ्यात दोराला मिठी मारून उभा राहिला, आणि पुढे तोही समोर जाऊन आडवा झाला. मृत्युदूत उठून त्याला आपल्या अंगावर घेऊ लागला, केसरी निसटला, पुन्हा पडला, पुन्हा मृत्युदूताला ओढलं, पुन्हा “एक, दोन” आणि पुन्हा सुटका. रेफ्री आजाऱ्यांच्या वॉर्डातल्या डॉक्टरसारखा एका देहाकडून दुसऱ्याकडे फिरत होता.

दोघंही हरण्यासाठी जिवाच्या आकांताने लढत होते, हे तीन-चार माणसांनाच ठाऊक. बाकी मैदान उभं राहिलं होतं. “पडतच नाय कोण,” मागे एक म्हातारा हळू आवाजात म्हणाला. “असली झुंज जन्मात नाय बघितली.”

मुकुल धावत गुणाजींपाशी आला. “काका, ते गाऱ्हाणं मागे घ्या.”

“मागे घ्यायला ती काय एसटी आहे? रद्द झाली म्हणून पुकारायला?”

“मग पहाटेपर्यंत लोळतील ते.”

गुणाजींनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. मैनाने पदर चावायचा सोडला होता. ती नुसती हात मांडीवर टाकून बसली होती, पोरगा पडताना बघायची सवय असलेल्या आईसारखी. ज्या तोंडाने गाऱ्हाणं घातलं त्याच तोंडाने चूक कबूल करायची, एवढी एकच वाट वाडवडिलांनी ठेवली आहे. पण देवासमोर खरं बोलायचं तर बाबू नाट्याचा आहे हे सांगावं लागणार, आणि मुखवटा उघडा करणं म्हणजे गुणाजींच्या लेखी महापाप.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. रिंगणातले दोघंही पडल्या जागी थांबले.

“बा देवा म्हाराजा, मघाशी जीभ घसरली म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“काळ्या तोंडाच्याला उताणा पाड म्हटलं, तो तू पाडलास. एकदा नाय, पोटभर पाडलास. तुझा शब्द पुरा झाला म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले. हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आता तो कोण, कुठला, ते तुला ठावक आहे. तू कोणाला सांगू नको, आम्ही विचारत नाय. पण लांबून आलाय, पाण्यापलीकडून आलाय. त्याचीही कोणतरी कुठंतरी वाट बघत असंल. आजवर जो दुसऱ्यांना मोठं करायला पडत आला, त्याला आज एकदा उभा ऱ्हाऊ दे म्हाराजा.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. खलनायकासाठी देवाकडे मागणं, हे जरा नवीन होतं. मग पुढच्या रांगेतून एकच बारीक, चिरका आवाज आला, “व्हय म्हाराजा.” त्याला लगेच शेजारून कमलाबाईंचा खणखणीत आवाज मिळाला. आणि मग सवयीने असो, दमल्या जिवांची दया येऊन असो, सगळा सडा म्हणाला.

बाबू उठला. त्याने खुर्ची घडी केली, केसरीने कृतज्ञतेने डोकं पुढे केलं, आणि असा आवाज झाला की भाट्याच्या पुलावर ऐकू गेला असेल. “एक, दोन, तीन.”

रेफ्रीने पट्टा दिला. मृत्युदूताने तो डोक्यावर धरला आणि रिंगणातून उतरून प्रत्येकावर डरकाळ्या फोडत निघाला. पुढच्या रांगेशी मात्र त्याची पावलं अडखळली. मेक्सिकोच्या मृत्युदूताची आई रत्नागिरीत असून कसं चालेल? तो नुसता पट्टा पुढे धरून उभा राहिला.

मैना उठली. पट्ट्याच्या पितळेवरून तिने एकदा बोट फिरवलं. मग कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मेल्या, खुर्ची मारतोस होय? लाज नाय वाटत?” तिचे डोळे वाहत होते. मृत्युदूताने तिच्यावर सगळ्यात मोठी डरकाळी फोडली आणि पळत कनातीत शिरला.

गुणाजी माइक धरून तसेच उभे. रया गेली हे मत त्यांनी तिथल्या तिथे, मनातल्या मनात, रद्द झाल्याचं पुकारलं.

परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर कमलाबाई म्हणाल्या, “चिपळूणचा खेळ कधी ओ?”

“पुढच्या महिन्यात. का?”

“जायला हवं. मी मैनाला शब्द दिलाय. बाबूचा पट्टा तिथंही राहू दे म्हणून देवाला नारळ बोलल्येय.”

गुणाजींना ठसका लागला. “अगो, चिपळूणला केसरी जिंकायचं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“मुकुलने.”

“त्याचं तो बघंल,” कमलाबाई छत्री सावरत म्हणाल्या. “मी वरती ठरवून आल्येय.”

मुकुलला कळवायला म्हणून गुणाजींनी फोन काढला. त्याचा नंबरही लावला. मग रिंगणात एकमेकांखाली शिरायला धडपडणारे ते दोन देह त्यांच्या डोळ्यांसमोर आले, तो उभा राहिलेला सडा आला, आणि त्यांनी फोन हलकेच बंद करून खिशात ठेवला.