ऊन वेगळं, ऊब वेगळी

ऑक्टोबरच्या उन्हात गाडीच्या चारही काचा वर करून हीटर लावून बसलेला माणूस मी एकच पाहिला आहे. ते आमचे शेजारी, लिंबाजीकाका.

काका परळीच्या थर्मल वीजकेंद्रात बॉयलरवर होते. आता रिटायर झालेत, एकटेच राहतात, पण हात अजून कामावरच आहे. दिसेल त्यावर ते तळवा ठेवतात. चहाच्या कपावर, उभ्या एसटीच्या बॉनेटवर, आलेल्या पाहुण्याच्या कपाळावर. लग्नाच्या पंगतीत भाताला हात लावून वाढप्याला विचारतात, "ह्याची ऊब कुठं अडली?" अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, "ह्यो देवाच्या पाया पडताना बी दगड तापलाय का बघतो."

माझ्या आईला दमा आहे. थंडीत मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं की वाऱ्यानं तिचा जीव अर्धा होतो. म्हणून यंदा थंडीच्या आत एक जुनी गाडी घ्यायचीच, असं अण्णांनी ठरवलं. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून कागद वाचायला मला घेतलं. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आधीच रिक्षात बसले होते.

सिरसाळ्यात विकायला असलेली गाडी आम्हाला बघताक्षणी आवडली. विकणाऱ्या पोरानं हौसेनं एसी लावून दाखवला.

"एसी ऱ्हाऊ दे. हीटर लाव."

"काका, ऊन बघा की बाहेर."

"लाव."

आम्ही लिंबाखाली, काका गाडीत. सदरा भिजून अंगाला चिकटला तरी ते इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडं बघत होते. इंजिन पुरतं तापल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी हीटरच्या जाळीपुढं हात धरला आणि भीतभीत म्हणालो, "गरम आहे की, काका."

"ते ऊन हाय बे. ऊन येगळं, ऊब येगळी. बाहेरची हवा तशीच आत यायली."

मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडं नेणारे-आणणारे दोन पाइप असतात, दोन्ही तापायला हवेत, असं ते मला समजावत होते. पण पाइप हीटरपर्यंत गेलेच नव्हते. मधेच एकमेकांना जोडून टाकले होते.

"हीटर गळत होता, मिस्त्रीनं तोडला," पोरगा म्हणाला. "आपल्याकडं हीटर लागतोय कुणाला?"

"मला."

"गाडी तुमी घेणार का?"

"न्हाई."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. अण्णा कासावीस झाले. "लिंबाजी, गाडी हातची जाईल. कावून हट्ट करायलास?"

काका हलले नाहीत. "ह्याला हीटर बसवू दे, मग न्हेऊ."

मलाही वाटलं, गेली गाडी. पण त्या गिऱ्हाइकानं काकांच्या खांद्यावरून पाइपांची ती गाठ बघितली आणि वाट धरली. पोरग्यानं बॉनेट खाली घेतलं. मग म्हणाला, "बसवून देतो."

कडाक्याच्या थंडीत आईला पहिल्यांदा त्या गाडीतून नेलं. अण्णा चालवत होते. मी आणि काका मागं. मोंढ्याचा बाजार ओलांडला तरी आई खोकली नव्हती. ती पदर सैल करून बसली होती. मला भरून आलं, पण आभार कसे मानायचे ते सुचेना. म्हणून विचारलं, "काका, हीटरचंच एवढं का लावून धरलं होतं?"

काकांनी खिडकीच्या काचेवर तळवा ठेवला. "आपली भिंत एकच हाय, बाबा. वैनीचा खोकला मला बी ऐकू येतो."

"झोपमोड होत आसंल तुमची," आई संकोचून म्हणाली.

"खोकला चालू हाय तवर झोप लागती, वैनी. थांबला की मी उठून बसतो."

मग आई म्हणाली, "भिंतीवर ठोकून इचारावं की, भाऊ."

"बरं दिसत न्हाई ते."

आता खोकला थांबला की आईच भिंतीवर दोनदा ठोकते. पलीकडं खाट कुरकुरते. काका आडवे झाले, असं आम्ही समजतो.