अध्यक्षबाईंचे मामा

ढेकूण सापडला तो नेमका स्वच्छता समितीच्या अध्यक्षबाईंच्या उशीवर. दुसऱ्या कुणाच्या उशीवर सापडला असता तर बाईंनी सूचनाफलकावर लाल शाईने लिहिलं असतं. स्वतःच्याच उशीवर सापडल्यामुळे त्यांनी आधी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.

कारण मागच्याच सभेत त्या सगळ्या बिल्डिंगसमोर म्हणाल्या होत्या, "ढेकूण गरीब-श्रीमंत बघत नाहीत. आळशी बघतात." आणि हे म्हणताना त्यांची नजर समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंवर जरा जास्तच रेंगाळली होती. तेव्हापासून काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता येत्या रविवारची सभा बाईंच्याच घरी, बाईंच्याच सोफ्यावर भरायची होती आणि तिथेच पुढचा अध्यक्ष ठरायचा होता. सभेत एखादा ढेकूण जरी हिंडायला निघाला, तरी खुर्ची गेलीच, वर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"बाहेरचा माणूस बोलवायचा नाही," बाई नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्या कीटकनाशकवाल्यांच्या गाडीवर हे एवढं झुरळ काढलेलं असतं. गाडी फाटकात शिरायच्या आत गच्चीपर्यंत बातमी!"

"बाहेरचा माणूस लागतोच कशाला?" नवरा म्हणाला आणि त्याचे डोळे चमकले.

ती चमक बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. नवरा एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा आणि घरातल्या वस्तूला परक्याचा हात लागणं हा स्वतःचा अपमान समजायचा. त्याने दुरुस्त केलेला नळ उलटा फिरवल्याशिवाय सुरू होत नसे. त्याने बसवलेली दारावरची बेल दाबल्यावर वाजत नसे. मग केव्हातरी, पाहुणा चहा पीत असताना, तिला आठवण होई.

त्याने आधी पलंगाचा नकाशा काढला. ढेकणांच्या जाण्यायेण्याच्या वाटा लाल बाणांनी दाखवल्या. मग त्या बाणांवर उकळतं पाणी ओतलं. ढेकणांचं काय झालं ते कळलं नाही, पण प्लायवूड असं फुगलं की खालचा ड्रॉवर कायमचा मिटला. धुतलेल्या चादरी सगळ्या त्याच ड्रॉवरमध्ये होत्या.

"आता उष्णतेचा मारा," म्हणत त्याने बाईंचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. ती ऊब ढेकणांना मानवली. मंडळी फटींतून बाहेर आली, अंग मोकळं करून घेतलं आणि कोरडी जागा बघून सोफ्यावर राहायला गेली.

"तुम्ही त्यांना मारताय की घर बदलून देताय?" बाईंनी कपाळावर हात मारला.

शेवटी नवऱ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ बघून कसलीशी पांढरी पावडर आणली आणि ती पिठाच्या चाळणीने सोफ्यावर चाळली. पंखा बंद करायचा राहिला. पुढच्याच क्षणी घरातलं काहीही दिसेनासं झालं. नवरा खोकत खोकत दार उघडून बाहेर आला, तो थेट कुंड्यांना पाणी घालणाऱ्या काकूंसमोर, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा.

"काय हो, घराला रंग काढलाय का?" काकूंनी विचारलं. त्यांचा अबोला फक्त बाईंशी होता.

"छे, छे! कॅरम खेळतोय."

"एवढी पावडर?"

"सोंगटी अडकत होती."

"अगंबाई! मला फार आवडतो कॅरम. येईन हं एकदा."

घरात कॅरम नव्हता. बाईंनी दार लावलं, नवऱ्याच्या हातातली चाळणी काढून घेतली आणि फोन उचलला.

"गाडी आणायची नाही, गणवेश घालायचा नाही, पाठीवर पंप घ्यायचा नाही," त्यांनी कीटकनाशकवाल्याला बजावलं.

पलीकडचा माणूस जराही चकित झाला नाही. "मग कोण म्हणून येऊ? काका, मामा, की मेव्हणा?"

"मामा," बाई गडबडून म्हणाल्या.

"बिल्डिंग कुठली म्हणालात?" पलीकडे थोडा विचार झाला. "हां, जमेल. तिथे मामा मोकळा आहे."

बाईंना याचा अर्थ लागला नाही, पण विचारत बसायला वेळ नव्हता.

शनिवारी मामा आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात मोठी सुटकेस. वॉचमनने त्यांना नाव विचारलं नाही, उलट सलाम ठोकला.

"अगंबाई, मामा! किती वर्षांनी!" बाई दारातूनच, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"वाळलीस गं पोरी!" मामांनी त्याहून मोठा आवाज लावला. "जावईबापू लक्ष देत नाहीत वाटतं?"

दार लागलं तरी मामांचं नातं सुटेना. सुटकेसमधून पंप, नळी, मास्क बाहेर आले. नवऱ्याने मोठ्या अभिमानाने आपला नकाशा पुढे केला.

"झकास!" मामा म्हणाले. "बाण तेवढे उलटे फिरवा. म्हणजे ते आता कुठे आहेत ते कळेल. चला जावईबापू, सोफा उचला."

जावईबापू घाम गाळू लागले. मामा सोफ्याखाली शिरले आणि फवारा सुस् सुस् सुरू झाला. एवढ्यात कडी लावायचं राहिलेलं दार ढकलून काकू आत आल्या.

"मघापासून बेल दाबतेय, वाजतच नाही! म्हटलं, राग तरी किती दिवस धरायचा? चला, मांडा कॅरम." मग त्यांना सोफ्याखालून आलेले दोन पाय दिसले.

"आमचे मामा," बाई म्हणाल्या. "आजच आलेत."

"सोफ्याखाली?"

"कंबर धरलीय त्यांची. कडक जमीन लागते."

"आणि हा वास?"

"कंबरेच्या तेलाचा," सोफा तोलत नवरा म्हणाला.

मामांना ठसका लागला. ते सरपटत बाहेर आले आणि त्यांनी मास्क काढला. काकूंचे डोळे विस्फारले आणि तोंडातून निघून गेलं, "भावजी! तुम्ही इकडे?"

तेवढ्यात काकूंनी मघाशी दाबलेली बेल वाजली.

"भावजी?" बाई म्हणाल्या. त्यांना आठवलं, गेल्या वर्षी काकूंकडे परदेशातले धाकटे दीर आले होते. हातात अशीच सुटकेस होती.

काकू लाल झाल्या. "सभेच्या कितीतरी आधी गेले होते हो माझ्याकडचे ढेकूण," त्या पुटपुटल्या. "एकही उरला नव्हता. तरी तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

बाईंना मनापासून लाज वाटली. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. अध्यक्ष झाल्यापासून हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं होतं. नवऱ्याच्या हातून सोफा सुटला तो त्यामुळेच.

"घरोघरी मातीच्या चुली, पोरी," मामा नळी गुंडाळत म्हणाले.

"आणखी कुणाचे कोण आहात तुम्ही?" दोघींनी एकदम विचारलं.

"ते नाही सांगायचा. धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सेक्रेटरीसाहेब भेटले तर त्यांच्या मेव्हण्याचा नमस्कार सांगा."

रविवारी सोफा गच्च भरला आणि कुणीही खाजवलं नाही. बाईंनी सेक्रेटरींना त्यांच्या मेव्हण्यांचा नमस्कार सांगितला, तेव्हा त्यांच्या कपातला चहा बशीत आला. काकूंनी अध्यक्षपदासाठी बाईंचं नाव सुचवलं, सेक्रेटरींनी घाईघाईने अनुमोदन दिलं आणि निवड बिनविरोध झाली.

मग वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले प्रौढ प्राध्यापक उठले. "एक सूचना आहे. इथे कुणीही येतं, जातं. वॉचमनने प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि तो कुणाचा कोण, हे लिहून घ्यावं."

"नको!" अख्खी सभा एका आवाजात ओरडली. त्या बिल्डिंगमध्ये पाण्यावरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं.

"पाहुण्यांवर असा अविश्वास शोभत नाही आपल्याला," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि सभा संपवली.

सगळे गेले. प्राध्यापक मात्र दारात घुटमळत राहिले. "बाई, जरा खासगी होतं. काल जिन्यात तुमच्या मामांच्या सुटकेसमधून एक नळी डोकावताना दिसली. नाव लिहिलेलं असतं तर मीच शोधलं असतं त्यांना, म्हणून ती सूचना." त्यांनी कोपर खाजवलं. "ते पुन्हा कधी यायचे आहेत?"

बाईंनी त्या कोपराकडे बघितलं, पण या वेळी नजर रेंगाळू दिली नाही. "बोलावते की. फक्त मामा आमचे, दीर काकूंचे आणि मेव्हणे सेक्रेटरींचे. तुम्ही दुसरं नातं बघा. व्याही चालतील?"

"अहो, मी एकटा माणूस. लग्नच केलेलं नाही मी."

बाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. "मग मुलीचे वडील म्हणून येतील. तुमच्यासाठी स्थळ घेऊन आलेत, असं सांगू बिल्डिंगमध्ये."

प्राध्यापकांचा खाजवणारा हात थांबला. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "मुलगी काय करते?"