वाढत्या अंगाचे निटवेअर

माणसाला ऊब लागते हे खरे. पण ती कुठून आणली हे चारचौघांत सांगता आले पाहिजे, हे त्याहून खरे. घरची ऊब सांगण्यासारखी नसते. ती फुकट मिळते, मानेला टोचते आणि तिचा रंग आपल्याला विचारून ठरवलेला नसतो. ही अडचण ओळखून माझ्या भाच्याने पुरुषांसाठी उंची निटवेअरचा व्यवसाय काढला. त्याच्या उद्घाटनाला मामा या नात्याने मी पहिल्या रांगेत होतो. (ही रांग वर्तमानपत्रवाल्यांसाठी होती. ते आले नाहीत.)

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की निटवेअर म्हणजे स्वेटर नव्हे. स्वेटर थंडी वाजते म्हणून घालतात. निटवेअरला थंडीची अट नाही. भाच्याने नेमलेल्या सल्लागार बाईंनी पहिल्याच बैठकीत 'स्वेटर' या शब्दावर बंदी घातली. 'लोकर' हा शब्द आवश्यक तेथे, हळू आवाजात वापरण्याची मुभा ठेवली. कपड्याला किमतीची चिठ्ठी लावायची नाही असेही ठरले, कारण जो किंमत विचारतो त्याला ती परवडत नाही आणि ज्याला परवडते तो विचारत नाही. मग ती कळवायची कशी, असे मी विचारले. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी चहा आणायला उठलो. लेबलचे नाव कोणत्या भाषेतले आहे याबद्दल कंपनीत दोन मते आहेत, पण ते आपल्या भाषेतले नाही यावर एकमत आहे.

विणणार कोण, हा किरकोळ विषय सर्वांत शेवटी घेण्यात आला. यंत्रावर विणलेले कोणीही घालतो. हाताने विणणारे उत्तम कारागीर परदेशात असतात असे समजले, आणि ते तिकडेच राहू इच्छितात असेही समजले. तेव्हा भाच्याला आपल्याला एक आई असल्याचे आठवले.

ही आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताई बोलताना विणते, भांडताना विणते, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कोणाची तरी बाही पुरी करते. तिच्या इमारतीत आणखी दोघी अशाच आहेत. भाच्याने तिघींसमोर योजना मांडली आणि ताईला म्हणाला, "तुला किती द्यायचे, सांग."

"मला काही नको रे. या दोघींचं काय ते बघ. माझं एवढंच, त्या दिवशी स्टेजवर तू मी विणलेला घालायचास."

"बघतो," भाचा म्हणाला. (आमच्या घराण्यात हा शब्द नकारार्थी वापरतात.)

ताईच्या या मागणीला थोडा इतिहास आहे. भाचा कॉलेजात जाऊ लागला तेव्हा तिने त्याला एक मोरपंखी स्वेटर विणला होता. तो रोज घालूनच घरातून निघे. ताईच्या खिडकीतून रस्ता कोपऱ्यापर्यंत दिसतो. तेवढ्या अंतरापुरता स्वेटर अंगावर असे आणि पुढे पिशवीत. ही बातमी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने ताईला पहिल्याच आठवड्यात दिली होती. ती भाच्याला त्याबद्दल कधी बोलली नाही. "तेवढा रस्ता तरी घालतो ना," असे मला म्हणाली. मला तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

असो. नमुने तयार होऊन आले आणि कंपनीवर आभाळ कोसळले. मॉडेलचे हात बाह्यांत नाहीसे झाले. खालची कड मांडीपर्यंत आली. तिघींनी मापे बरोबर घेतली होती, पण जन्मात कधी मापाइतके विणले नव्हते. त्या वाढत्या अंगाचे विणतात.

"अगं आई, ही चाळिशीची माणसं आहेत! त्यांची वाढ थांबली!"

"उंचीला थांबली असेल," ताई सुई न थांबवता म्हणाली. "जेवतात ना?"

इमारतीतल्या एकीने "धुतल्यावर आटतं हो थोडं" अशी पुस्ती जोडली. भाच्याने कपाळाला हात लावला. परंतु सल्लागार बाईंनी नमुन्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळे बारीक केले आणि ही चूक नसून घडण असल्याचे जाहीर केले. माहितीपत्रकात 'ढगळ' ऐवजी 'देहाला अवकाश देणारे' असे छापण्यात आले. त्याखाली 'आईच्या हातची ऊब' अशी ओळ आली, आणि आईचा फोटो जागेअभावी गळला.

ही ओळ फार अभ्यासपूर्ण होती. मी आमच्या नातेवाइकांत केलेल्या पाहणीनुसार शंभर टक्के पुरुषांना आईने कधी ना कधी स्वेटर विणलेला आहे आणि शंभर टक्के पुरुषांना तो सध्या कुठे आहे हे ठाऊक नाही. (दोघे 'बायकोला विचारून सांगतो' म्हणाले.) एवढी मोठी बाजारपेठ आजवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

फॅशन एक ऋतू पुढे चालते, म्हणून हिवाळी कपड्यांचे उद्घाटन भर उन्हाळ्यात असते. पाहुण्यांना निटवेअरची गरज पटावी यासाठी सभागृहातला एसी शेवटच्या आकड्यावर ठेवला होता. भाच्याने पातळ काळा रेशमी शर्ट घातला होता, कारण मालकाने स्वतःचा माल घातला की तो दुकानदार दिसतो, असा बाईंचा नियम आहे. ताई मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्या शर्टाकडे पाहिले आणि पिशवीचा बंद नीट केला.

भाचा ऊब या विषयावर बोलू लागला. दुसऱ्या वाक्याला शिंकला. चौथ्याला दोनदा शिंकला. पुढे वाक्ये कमी आणि शिंका जास्त होऊ लागल्या. विकायला मांडलेल्या कपड्याला नाक लागू नये म्हणून त्यातले काही अंगात घालण्याची सोय नव्हती. तेवढ्यात ताई उठली, सगळ्या रांगा ओलांडून स्टेजवर चढली आणि तिने पिशवीतून तो मोरपंखी स्वेटर काढला.

"घाल."

"आई, नंतर." माइक चालू होता.

"नाक बघ कसं गळतंय. घाल म्हणते ना!"

त्याने घातला. आणि इतक्या वर्षांनी, सुटलेल्या पोटासकट, तो त्याला नेमका बसला. बाह्या मनगटावर थांबल्या. सभागृहाने हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्यांचा कडकडाट केला आणि बाईंनी मान लववून त्या स्वीकारल्या.

मग पाहुण्यांतले एक सिमेंटवाले उठले. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांच्या सिमेंटच्या. "मला अंगावरचाच पाहिजे," ते म्हणाले.

"तो विकायचा नाही," भाचा म्हणाला. मी ताईकडे पाहिले. ती भाच्याकडे पाहत होती.

"एकच आहे ना?" बाई कुजबुजल्या. "मग तोच विकायचा असतो." सिमेंटवाल्यांनी भाच्याच्या कानात एक आकडा सांगितला. शिंका नुकत्याच थांबल्या होत्या. भाच्याने बटणे काढायला सुरुवात केली.

ताईने तो स्वेटर स्वतःच्या हाताने सिमेंटवाल्यांच्या अंगात चढवला. "हातानं धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. जरा ढगळ वाटेल, पण भराल." साठीच्या त्या गृहस्थांनी शाळकरी पोरासारखे "हो, हो" केले.

"तुमच्या आईनं नव्हता का विणला कधी?" ताईने विचारले.

"विणला होता. निळा." ते शेवटचे बटण चाचपत राहिले. "वॉचमनला देऊन टाकला."

घरी जाताना रिक्षात ताईने पिशवीतून सुया काढल्या आणि नवे टाके घालायला घेतले. कोणाचा, असे मी विचारले.

"पोराला सर्दी झालीये ना."

"ताई, तो नाही घालणार. विकून टाकेल."

"विकला तर कोणीतरी घालेल," ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

एव्हाना आपण माझ्या भाच्याला नावे ठेवून मोकळे झाला असाल. अवश्य ठेवा, मीही ठेवली. मात्र त्याने निदान त्या स्वेटरची किंमत तरी केली. आपण सकाळी गाडीची काच पुसता तो जाड फडका एकदा झटकून, उलगडून धरा. बाही सापडली तर अंगाला लावून पाहा. आता बसेल.