पाळीवर बसलेले काका

चित्रकारांच्या गटाचे प्रमुख असलेल्या सरांची दाढ ठणकायला लागली ती नेमकी प्रदर्शन उघडल्या दिवशी. मग पोर्ट्रेटवाल्या बाईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. उरलेल्या दोघांना एकाएकी फार महत्त्वाची कामं निघाली. चित्रकार पाच, दालनात बसायच्या पाळ्या वाटून दिलेल्या, आणि प्रत्यक्ष बसायला एकटे काका. निवृत्त माणसाला काम नसतं हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, फक्त त्यालाच ते पटत नाही.

तशी बसायला काकांची ना नव्हती. अख्खी नोकरी पाणीखात्यात नळांचे नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे खुर्ची अंगवळणी पडली होती. अडचण होती ती गटाच्या नियमाची. पाळीवर बसणाऱ्याने स्वतःच्या चित्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही, इतरांचं मात्र तोंड भरून कौतुक करायचं. आपणच आपली लाल करणं शोभत नाही, असं सरांचं म्हणणं. नियम सोन्यासारखा, पण त्याला पाचही जण बसायला नकोत का? काका चौघांचं कौतुक करणार, आणि काकांचं कोण करणार? पंखा?

त्यात यंदा दालन लहान मिळालेलं. "ज्याचं चित्र विकलं जाणार नाही, त्यानं पुढच्या खेपेला जागा सोडायची," असं सरांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. काकांचं चित्र आजवर एकदाही कुणी नेलं नव्हतं. यंदा गेलं तर ते चित्रकार, नाहीतर पुन्हा नुसते निवृत्त. या विचाराने त्यांना रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

चित्र होतं आई गेल्यानंतरच्या पलंगाचं. घडी घातलेलं पांघरूण, उशीला पडलेला खोलगट भाग, बस्स.

पहिलं गिऱ्हाईक सरांच्या चित्रासमोर थांबलं. "हे नुसतंच निळं आहे की हो!"

"जवळून बघू नका," काका म्हणाले. "थोडे मागे या. आता डोळे बारीक करा. पाणी हलतंय का?"

"अरेच्चा! हलतंय की!"

सरांच्या चित्राखाली 'विकले गेले'ची लाल टिकली लागली. साहेबासमोर जन्मात तोंड न उघडलेल्या काकांना आपल्या जिभेचं फार नवल वाटलं. पुढे ती जीभ थांबेचना. पोर्ट्रेटवाल्या बाईंच्या चित्रातल्या म्हाताऱ्याची नजर त्यांनी अशी काही समजावून सांगितली, की एका गृहस्थांना त्यात आपले सासरे दिसले आणि तरीही त्यांनी चित्र घेतलं. भिंतीवर गोवर उठावा तशा टिकल्या उठत गेल्या.

आणि लोक पलंगापाशी आले की काकांची दातखीळ बसायची.

"हे कुणाचं?"

"आहे एकाचं."

"चित्रकार हयात आहेत?"

"आहेत बहुतेक."

"मग घाई नाही," असं म्हणून माणूस पुढे सरकायचा.

शेवटच्या दिवशी काकांनी काकूंना फोन लावला. "तू ये. पण अनोळखी म्हणून ये. पलंगासमोर उभी राहा आणि जरा मोठ्यानं वा म्हण."

"म्हणजे तुम्हाला ओळख नाही दाखवायची? हे तर मी लग्नातच करायला हवं होतं."

काकू आल्या तेव्हा एक जोडपं खरोखरच त्या चित्राकडे बघत होतं. बाईंना उशी आवडली होती, नवरा बघू म्हणत होता. काकांचा जीव टांगणीला लागला. काकू शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "वा!" त्या ठरल्याप्रमाणे म्हणाल्या. मग चष्मा चढवून त्यांनी नीट पाहिलं. घरात वर्षभर हे चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं, त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "ही तर आई डाव्या कुशीवर झोपायच्या तीच बाजू. पाठीला जखमा झाल्या होत्या हो त्यांच्या. शेवटी शेवटी मीच कूस बदलून द्यायची." आणि त्या तिथेच, डोळ्याला पदर न लावता, रुमाल न काढता, हमसून रडायला लागल्या.

जोडप्यातल्या बाईंचेही डोळे भरले. नवऱ्याने त्यांचा दंड धरला. "चल. झोपायच्या खोलीत असलं लावून मला झोप यायची नाही." दोघं निघून गेले.

काकांना राग यायला हवा होता, पण आला नाही. चित्र लागल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच ते पाहिलं होतं.

संध्याकाळी दाढ बरी होऊन सर आले. सासूबाई उठून बसल्यामुळे पोर्ट्रेटवाल्या बाईही आल्या. टिकल्या बघून दोघेही हरखून गेले, आणि पलंगापाशी येऊन टिकली शोधू लागले.

"काका, नियम तो नियम," सर घसा खाकरून म्हणाले. "पण तुमच्याशिवाय आमचं पान हलणार नाही. पुढच्या खेपेला चित्र नका देऊ, तुम्ही नुसते बसा."

"बसेन की," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "पण खुर्चीला जागा कुठे आहे?"

"का? तुमच्या चित्राची जागा रिकामी होईल ना!"

काकूंनी पुढे होऊन चित्र उतरवलं, उराशी धरलं, आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, खिळा काढून घ्या. तो आपण घरून आणलाय."