बिराजदारांचं ग्रीस

अत्तर मनगटाला लावून हुंगणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ग्रीस लावून हुंगणारे एकटे व्यंकटराव बिराजदार.

नांदेडात ते आमचे शेजारी. मूळचे जळकोटचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. सायकलच्या बेअरिंगला कोणतं ग्रीस घालावं हा प्रश्न सगळ्या कॉलनीत फक्त त्यांनाच पडतो, उत्तर मात्र सगळ्यांना ऐकावं लागतं. ग्रीस चिमटीत घोळवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्याला खानदान न्हाई."

धर्माबादला एका लग्नात आहेर देताना ते नवरदेवाच्या कानाशी वाकले. आशीर्वाद असेल म्हणून पोरानं मान लववली. "काळं ग्रीस ट्रकला. सायकलला घालू नका," एवढंच सांगून व्यंकटराव जेवायला गेले.

गेल्या उन्हाळ्यात तर कहर झाला. उन्हात कोणतं ग्रीस टिकतं हे पाहायला त्यांनी गच्चीच्या कठड्यावर ग्रीसचे गोळे मांडले. त्यातला एक वितळून खाली वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. मी सदरा घेऊन भांडायला गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, ओघळ वितीनं मोजला आणि म्हणाले, "हे बाद. बरं झालं, आणून दावलात." माफी वगैरे काही नाही.

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो ते साखरेमुळं. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, मी जुनी सायकल बाहेर काढली आणि तिचं पुढचं चाक कटकट करायला लागलं. रविवारी सकाळी दुकानात निघालो, तर फाटकातच व्यंकटरावांनी हँडल धरलं.

"दुकानात? ते खामखा कायबी थापतेत. आणा इकडं."

त्यांच्या अंगणात चाक निघालं, बेअरिंगचे छर्रे डिझेलच्या वाटीत पडले आणि मुलीला स्थळ बघावं तशी चौकशी सुरू झाली. वजन किती? पावसात चालवता का? गोदावरीकडं जाता की गावातच? मग एकेक डबा उघडायचा, हुंगायचा, बंद करायचा. निळं लई पातळ. पांढरं बिजागरीला ठीक. पिवळं बरं हाय, पण "इचार करून राहिलो."

दुपार झाली. माझं डोकं तापलं.

"व्यंकटराव, तूप घाला, पण चाक बसवा!"

ते हळूच म्हणाले, "पिवळंच घालायचं. सकाळीच ठरलं ते."

"मग बसवलं का नाही?"

"बसवलं की तुम्ही जाताल." त्यांनी पिवळ्याचा डबा उगाच पुसला. "खिचडी टाकलीय. दोघांची."

वहिनी लेकाकडं हैदराबादला नातू सांभाळायला गेल्या होत्या, त्या तिकडंच रमल्या. घरात कुकरची शिट्टी तेवढी वाजत होती.

आम्ही जेवलो. खिचडीत मीठ जास्त होतं, ग्रीसचा वास नव्हता हे नशीब. मग पुढचं चाक बसलं आणि बिनबोभाट फिरायला लागलं. मी उठलो. तेही हात पुसत उठले.

"मागचंही जरा बघता का?" मी म्हणालो.

मागचं चाक ठणठणीत होतं. फिरवल्याबरोबर त्यांना ते कळलं असणार. त्यांनी कान लावला, डोळे मिटले.

"लई खराब हाय," ते म्हणाले आणि पाना उचलला.