देशकरांचं होम टाउन

कान्हेरे साहेबांनी पोहे-जलेबीची बशी खाली ठेवली आणि सहज सांगितलं, "देशकर, दिवाळीत फॅमिलीला घेऊन कोकणात चाललोय. म्हटलं, तुमच्या दांडेबंदरलाही एक चक्कर मारू. तुमच्या होम टाउनची पडताळणी फाइलीत कधीची पेंडिंग आहे, तीही होऊन जाईल."

नीळकंठराव देशकरांच्या घशात शेव अडकली. मंदाकिनीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की पाणीही अडकलं.

देशकरांचं खरं गाव नागपूर. पण पंचवीस वर्षांपूर्वी हिंदी मुलखातल्या या कारखान्यात लागताना फॉर्मावर नागपूर लिहिलं असतं, तर दर दोन वर्षांनी एलटीसीवर, म्हणजे गावी जायच्या प्रवास-सवलतीवर, कंपनीनं त्यांना एका रात्रीत नागपूरला पोचवून हात झटकले असते. म्हणून त्यांनी समुद्रकाठचं दांडेबंदर लिहिलं. तिथे त्यांचं कोण होतं? बायकोच्या आत्याच्या जावेचे भाऊ एकेकाळी पोस्टमास्तर होते. कंपनीला तेवढं नातं पुरलं आणि देशकर दर दोन वर्षांनी फुकटात समुद्र बघू लागले. टाउनशिपच्या मराठी मंडळात ते 'आमच्या बंदरात' असं म्हणूनच तोंड उघडत. मासे मात्र त्यांनी आयुष्यात चाखले नव्हते.

आता हे खोटं उघडं पडलं, तर नोकरीवर गदा येणार. आणि निवृत्तीला उरलं होतं दीड वर्ष. त्यानंतर क्वार्टर सोडायचं आणि टाउनशिपजवळच्या अवधपुरीत कर्मचारी सोसायटीच्या प्लॉटवर घर बांधायचं, हे नवरा-बायकोचं एकमेव स्वप्न. एकूण प्लॉट एक्केचाळीस, देशकरांचा नंबर एक्केचाळीसावा. तेरा वर्षं वाट पाहून तो लागला होता. कान्हेरे हे कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर आणि सोसायटीचे सचिवही. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनाच पोहे खाऊ घालावे लागत.

साहेबांची स्कूटर वळताच देशकर एसटीडी बूथवर धावले. दांडेबंदरात फोन एकच, होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात. तिथून कमलमावशीला बोलावणं गेलं. ती मासळी विकायची आणि दर खेपेला देशकर तिच्याच पडवीत उतरायचे.

"मावशी, एक साहेब येणार आहेत. देशकर इथलेच, एवढंच सांगा. बास!"

"तू कित्याक काळजी करतंस?" मावशी ओरडली. मागे बर्फ फोडणारं यंत्र धडधडत होतं. "सगळ्या बंदराक सांगून ठेवतंय!"

एवढ्यावर देशकर निश्चिंत झाले. भल्या माणसांना अर्धंच काम सांगून चालत नाही, उरलेलं ती स्वतःच्या अकलेनं करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी कान्हेरे फोटोंचं पाकीट घेऊन हजर झाले. चेहरा प्रसन्न.

"क्या बात है, देशकर! पहाटे होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव जोरात होता. मी तुमचं नाव घेतलं मात्र, लिलाव बंद! पापलेटं तशीच पडली, मांजरं टपून बसली, आणि अख्खं बंदर मला तुमच्या घराण्याचा इतिहास सांगायला लागलं. जाळी विणणारे म्हातारे तर रडले हो! तुमच्या आजोबांनी वादळात सात खलाशी वाचवले?"

देशकरांचे आजोबा नागपुरात मुनीम होते आणि फुटाळा तलावालासुद्धा लांबूनच नमस्कार करत. "ते... फारसं बोलायचे नाहीत त्याबद्दल," देशकर म्हणाले.

"ही तुमची होडी." कान्हेऱ्यांनी फोटो पुढे केला. नव्याकोऱ्या निळ्या अक्षरांत होडीवर 'मंदाकिनी' लिहिलेलं होतं. मंदाकिनीबाई लाजल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्यानं त्यांचं नाव कधी डब्यावरसुद्धा घातलं नव्हतं.

"आणि हे तुमचं घर!"

देशकरांनी फोटो हातात घेतला. धक्क्याशेजारी ऐसपैस कौलारू घर, ताजा चुना, अंगणात सुकत घातलेले बोंबील. दारावर त्याच निळ्या रंगात 'नीळकंठ देशकर, मूळ मालक' अशी पाटी आणि दोन्ही बाजूंना एकेक सुरमई. होड्यांची नावं रंगवणाऱ्यानं जीव ओतला होता. दारात कमलमावशी छाती काढून उभी होती. आपल्या माणसाचं गावात घर नाही म्हटलं, तर बंदराची अब्रू काय राहणार!

"पडताळणी ओके," कान्हेरे म्हणाले. "मी कडक रिपोर्ट लिहिलाय. आता तुमच्या होम टाउनवर कोणी बोट ठेवणार नाही."

देशकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढा एकच सोडायला मिळाला.

"फक्त ते सोसायटीचं," साहेबांनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही शपथपत्र दिलंय, भारतात कुठेही घर नाही म्हणून. विसरला असाल, होतं असं. मी कारवाई वगैरे होऊ दिली नाही, अपने आदमी हैं. नुसतं नाव कमी केलं. समुद्रासमोर एवढं घर असताना अवधपुरीच्या चिखलात कशाला पडता?"

घर माझं नाही म्हणावं, तर होम टाउन खोटं. होम टाउन खरं म्हणावं, तर प्लॉट गेला. तेरा वर्षं डोळ्यांदेखत बुडत होती आणि सात खलाशी वाचवणाऱ्याच्या नातवाला हात हलवता येत नव्हता.

"मग तो प्लॉट... कोणाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"वेटिंगमधल्या पहिल्याला, नियमाप्रमाणे. बेचाळीस नंबर." कान्हेऱ्यांनी शेवटची जलेबी उचलली. "आता बघा, तो नेमका माझा निघाला."

स्कूटरचा आवाज दूर गेला तरी देशकर फोटोकडे बघत बसले होते. मंदाकिनीबाईंनी बशा गोळा केल्या, मग होडीचा फोटो उचलून पदरानं पुसला.

"बूथ उघडा असेल अजून," त्या म्हणाल्या. "जा आणि मावशींना विचारा, निदान होडी तरी आपली आहे का. दीड वर्षानं राहायला लागेल."